सोमाने राखलेला डोंगर

सोमा हिलमचा जन्म कोळशाच्या भट्टीवर झाला. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा भट्टी नुकती पेटली होती, आणि पेटती भट्टी सोडून कोणी हलत नसे, म्हणून बाप तिच्याजवळ गेला नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्री नदीला मिळणाऱ्या ओढ्यांच्या, पऱ्यांच्या खोऱ्यांत, दसरा झाला की कातकऱ्यांच्या टोळ्या ठेकेदाराच्या मागून रानात शिरत. झाडं पाडायची, ओंडके रचून मातीने लिंपायचे, आत विस्तव घालायचा आणि आठ-दहा दिवस धुराकडे बघत बसायचं. पावसाच्या तोंडावर टोळी परते तेव्हा मागे एक उघडा डोंगर राहिलेला असे. पुढच्या वर्षी दुसरा. सोमा बारा वर्षांचा असताना त्याच्या हाती कुऱ्हाड आली. विशीत पोचेपर्यंत त्याच्याइतका साफ घाव घालणारा माणूस त्या खोऱ्यात उरला नव्हता, आणि उभी झाडंही फारशी उरली नव्हती.

आई-बाप एकाच पावसाळ्यात पटकीने गेले. मागे राहिली आवडी, त्याची बहीण, चार वर्षांची. तिला पाठीला बांधून सोमा रानात जाई. दोन घास असले तर दोघांत खाई, एक असला तर तिला देई. त्याचं लग्न झालं, पण बायको वर्षाच्या आत तापाने गेली, आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

१९६९च्या माघात ओल्या बुंध्यावरून कुऱ्हाड निसटली आणि त्याच्या डाव्या पावलात बसली. मुकादमाने बांधायला फडकं दिलं आणि म्हणाला, "भट्टी उतरली की बघू." तीन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला, त्याला घाण सुटली. तेव्हा तेरा वर्षांच्या आवडीने कोणाला न विचारता भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला. सकाळी निघालेली ती दोघं दुपार कलताना तामणखोलच्या मिशन दवाखान्यात पोचली.

दवाखाना ललिताबाई चालवत. त्यांचे यजमान रेव्हरंड काशीराम भालेराव तिथल्या मंडळीचे पाळक, मूळचे नगरकडचे, उंच, सावळे, मृदू बोलणारे. मंडळी म्हणजे चौदा ख्रिस्ती घरं, एक कौलारू प्रार्थनामंदिर, आणि त्यामागे बारा एकरांचा वरकस, भाताला निकामी डोंगर. डोंगर कसला, लाल मातीचा उघडा पाठीचा कणा. पावसाळ्यात त्याच्यावरून वाहणारं पाणी प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांपर्यंत चिखल आणून टाकी, आणि पायथ्याचा झरा माघातच आटे.

ललिताबाईंनी सोमाची दोन बोटं कापली आणि पाय वाचवला. तो महिनाभर ओट्यावर पडून होता. पाळकसाहेब संध्याकाळचे येऊन बसत.

"हा मागचा डोंगर कोणी उघडा केला, ठाऊक आहे तुला?" त्यांनी एकदा विचारलं.

"मीच," सोमा म्हणाला. "मी आन माझ्या बापाने. पंधरा वर्सं झाली."

पाळकसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "देवाने पहिल्या माणसाला बाग दिली, ती राखणीला दिली होती, सोमा. मालकीची करून नव्हे. आपण ती विकून खाल्ली. आता ती परत उभी करायची हीच आमची उपासना. तू येशील?"

त्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि मंडळीने त्याला डोंगराचा राखणदार नेमलं. आवडीने धर्म बदलला नाही. ती पऱ्यापलीकडच्या कातकरवाडीत महादूशी लग्न करून राहिली.

मंडळीने मनापासून काम केलं, हे खरंच आहे. रविवारची उपासना संपली की म्हातारी-कोतारीही एकेक कळशी घेऊन डोंगर चढत आणि रोपांना पाणी घालत. घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं झाड लागे. ऐन, किंजळ, आवळा, जांभूळ, हिरडा. बहात्तरच्या दुष्काळात पिण्याचं पाणी मोजून असताना लोकांनी अंघोळीचं पाणी रोपांना नेलं. सोमा लंगडत दिवसभर डोंगरावर फिरे. होळीच्या दिवसांत वणवा येऊ नये म्हणून चारी बाजूंनी गवत काढी. तोडणाऱ्याची सगळी अक्कल त्याच्यापाशी होती. कोणत्या वाऱ्याला कुऱ्हाडीचा आवाज लपतो, मोळी कुठे दडवतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

अठ्ठ्याहत्तर साली झरा पहिल्यांदा चैत्र संपेपर्यंत वाहिला. सोमा दोन दिवस त्याच्याजवळ बसून होता. ऐनाच्या सालीवरून तो तळहात फिरवत राही. रानकोंबडा ओरडला की तो उभ्या जागी थांबे. जन्मात आपण काहीतरी वाढवलं, हे सुख त्याला नवं होतं, आणि ते कोणीतरी हिसकावून नेईल ही भीतीही नवी होती.

भीती खोटी नव्हती. भोवतालचे सगळे डोंगर बोडके. चुलीला लाकूड लागायचंच. वाडीवाडीच्या बायका पूर्वी तास-दोन तासांत मोळी आणत, त्यांना आता अर्धा दिवस लागे. आणि समोर हा एकच डोंगर हिरवागार.

पहिला आला तो भागोजी, खालच्या भातखाचरांचा मालक. राब भाजायला, भाताच्या रोपांची जमीन जाळून तयार करायला, फांद्या हव्यात म्हणून पाच गडी आणि कोयते घेऊन आला. सोमा आडवा गेला.

"तुझा बाप माझ्या दारात पेजेला उभा राहायचा," भागोजी शांतपणे म्हणाला. "सांग तुझ्या पाद्र्याला. दवाखान्याची वाट माझ्या बांधावरून जाते."

पाळकसाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सोमाला सांगितलं, "खालची कड त्यांना सोड." त्या वर्षापासून भागोजीचे गडी दरसाल खालची कड खरवडून नेत आणि सोमा तेवढे दिवस वर जाऊन बसे. तो घोट त्याने गिळला, आणि बाहेर काढला तो बायकांवर.

आधी तो नुसता ओरडे. मग मोळी सोडून फांद्या दरीत फेकू लागला. मग कोयते हिसकावून घेऊ लागला. प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत त्याने असे तीस-चाळीस कोयते टांगले होते. मग त्याला सुचलं की पकडलेल्या बाईला मोळीसकट खाली आणायचं आणि रविवारी उपासना सुटेपर्यंत दारात उभं करायचं. मोळी डोक्यावरच. मंडळी बाहेर येई, बाईकडे बघे, आणि एकमेकांशी बोलत घरी जाई. कोणी म्हटलं नाही की मोळी उतरव.

पऱ्यापलीकडच्या बनुबाईने एकदा कोयता सोडला नाही. सोमाने तिच्या मनगटावर काठी घातली. हाड मोडलं. ललिताबाईंनी हात बांधला आणि दवाखान्याच्या वहीत लिहिलं : पडल्यामुळे. पाळकसाहेबांनी सोमाला बोलावलं.

"हात जरा आवर, सोमा."

"मग डोंगर कसा राहील, साहेब?"

ते खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले. त्याच महिन्यात पीक घरात आल्यावरच्या हंगामाच्या उपासनेत त्यांनी एका साध्या माणसाच्या निष्ठेबद्दल प्रवचन केलं, आणि सगळ्यांनी मागे वळून सोमाकडे पाहिलं.

पुढे मुंबईहून पाहुणे आले. डोंगर बघून थक्क झाले. सोमाला मध्ये उभं करून फोटो काढला. एकाने विचारलं, "आजूबाजूच्या लोकांचा त्रास नाही होत?"

"लोकांना पटलं आहे," पाळकसाहेब म्हणाले. सोमा हातात काठी घेऊन शेजारीच उभा होता.

बायकांची एक वाट मात्र त्याला बंद करता येत नव्हती. डोंगराच्या पूर्वेला उभा कातळ होता. त्यात पिढ्यान्‌पिढ्या पावलांपुरत्या खोबण्या पाडलेल्या होत्या. सोमाची चाहूल लागली की बायका मोळी पाठीवर टाकून त्या खोबण्यांतून भराभर खाली उतरत आणि पऱ्या ओलांडून दिसेनाशा होत. लंगड्या पायाने त्याला ते जमत नसे. वरून त्यांचं हसणं ऐकू येई. आणि एकदा बनुबाई खालून म्हणाली, "भनीला मोकळं रान, आन आमाला काठी व्हय रे?"

ते त्याला झोंबलं. त्या दिवशी तो आवडीच्या झोपडीत गेला. तिची दोन मुलं जन्मून गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, सहावा महिना होता. महादू महाडजवळ विटांच्या भट्टीवर गेला होता.

"माझ्या डोंगरात दिसलीस तर तुलाबी सोडायचा नाय," तो दारातूनच म्हणाला.

"मी सुकी काटकीच उचलते रे दादा."

"सुकी नाय न्‌ वली नाय."

आवडी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "डोंगर तुझा कदी झाला?"

होळीनंतरच्या आठवड्यात सोमा पहार घेऊन कातळावर गेला. मधल्या टप्प्यातल्या, वरून न दिसणाऱ्या सात खोबण्या त्याने फोडून सपाट केल्या. कोणाला सांगितलं नाही. एकजण आपटली की बाकीच्या शहाण्या होतील, एवढाच त्याचा हिशेब होता.

एप्रिलातला उत्तम शुक्रवार, येशूच्या वधस्तंभाचा दिवस, आला, ब्याऐंशी सालचा. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि सगळी मंडळी उपाशीपोटी प्रार्थनामंदिरात असते, हे वाड्यांतल्या बायकांना माहीत होतं. बायकांना माहीत आहे, हे सोमाला माहीत होतं. तिसरं गीत सुरू झालं तसा तो मागच्या दाराने उठला.

वर चौघी होत्या. तिघी त्याला बघताच उत्तरेकडे झुडपांत पळाल्या. चौथीला धावता येत नव्हतं. ती मोळी सावरत कातळाकडे वळली. हिरवं लुगडं त्याने ओळखलं. नाताळात त्यानेच आणून दिलं होतं.

तिला कातळापर्यंत पोचायला वीस-पंचवीस पावलं होती. खोबण्या नाहीत, एवढं ओरडून सांगायला भरपूर वेळ होता. पुढे आयुष्यभर सोमाने तो वेळ मोजला. त्याने तोंड उघडलंही. पण जे बाहेर आलं ते असं : "आज तुला सोडत नाय गो, चोरटे."

ती कातळाखाली दिसेनाशी झाली. मग मोळी आपटत गेल्याचा आवाज आला, आणि तिच्यामागून दुसरा, मऊ.

तो कडेला जाऊन वाकला. आवडी खाली दगडांत आडवी पडली होती. तिने वर बघितलं.

"दादा, पाय गेला माझा. उठवत नाय."

"सगळ्या तसंच म्हणतात."

"पोटात दुखतंय रे. वाईच खाली ये."

सोमाला वाटलं, खाली गेलो आणि तिला धरून घरी पोचवलं, तर उद्या पऱ्यापलीकडे सगळ्या हसतील. "बस तितंच," तो म्हणाला. "उपासना सुटली की पंचांपुढं नेतो." मग त्याने वाटेत पडलेला तिचा कोयता उचलला, खाली आला, मागच्या दाराने शिरून शेवटच्या बाकावर बसला. कोयता बाकाखाली ठेवला. अजून तासाभराची उपासना बाकी होती. तो सगळ्यांबरोबर उठला, सगळ्यांबरोबर बसला.

तीन वाजता त्याने पाळकसाहेबांना सांगितलं की पूर्वेच्या कातळाखाली एक चोर बसवून ठेवली आहे. बहीण आहे हे सांगितलं नाही. साहेब दमले होते. म्हणाले, "लोकांना आधी सरबत घेऊ दे. सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही." तेव्हा सरबत झालं. मग पाच-सहाजण गेले.

आवडी दगडांत नव्हती. रक्ताची ओढ दगडांवरून झऱ्यापर्यंत गेली होती. ती झऱ्याच्या काठाला पालथी पडली होती, एक हात पाण्यात. जिवंत होती. तिला चादरीत घालून दवाखान्यात आणलं. मूल मेलेलं जन्मलं. रक्त थांबेना. ललिताबाई म्हणाल्या महाडला न्यायलाच हवं. पोलादपूरहून जीप आणायला माणूस पळाला. सोमा दारात उभा होता. आवडीने त्याच्याकडे बघितलंही नाही. एकदाच तिने ललिताबाईंचा पदर धरला आणि विचारलं, "मोळी कुटं हाय माझी?" ललिताबाई म्हणाल्या, आहे, ठेवली आहे. जीप यायच्या आत, दिवस मावळताना ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. कातळावरून पाय घसरला, असा पंचनामा झाला. तो गेल्यावर मंडळीचे पाच पंच आणि पाळकसाहेब मागच्या खोलीत बसले. भिंतीवर कोयते टांगलेले होते. सोमा आत आला.

"खोबण्या मी फोडल्या," तो म्हणाला. "तिला ठावं नव्हतं. मला ठावं होतं, न्‌ मी बोललो नाय."

पंचांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"हे तू देवापुढे कबूल केलंस," पाळकसाहेब शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मृदू होता. "तेवढं पुरे आहे. बाहेर बोलू नकोस. तू तुरुंगात गेलास तर हा डोंगर सहा महिन्यांत साफ होईल. बारा वर्षं आहेत यात. चौदा घरांची. तुझ्या एकट्याची गोष्ट नाही ही."

तेवढ्यात अंगणात माणसं आली. महादूला रात्रीच निरोप गेला होता, तो पायी चालत आला होता. विटांची लाल धूळ अजून त्याच्या केसांत होती. मागे वाडीतले दहा-बाराजण. तो पायरी चढला नाही. खालूनच म्हणाला, "जाळाया लाकडं पायजेत. आमच्याकडं नायत. तुमाला ठावं हाय का नायत ते."

बाहेर आलेले पंच पुन्हा आत गेले आणि दार लोटून बोलू लागले. दार जुनं होतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं. एक म्हणाला, द्यायलाच हवं. दुसरा म्हणाला, एकदा दिलं की पायंडा पडेल, प्रत्येक मयताला येतील. तिसरा म्हणाला, लहान मूलही आहे, जास्त लागेल. अर्ध्या तासाने पाळकसाहेब बाहेर आले. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, पण खालच्या कडेला जे सुकं पडलेलं असेल ते उचलून न्यावं, असं ठरलं होतं. खालची कड भागोजीच्या गड्यांनी महिन्यापूर्वीच झाडून नेली होती. तिथे बोटाएवढी काटकी नव्हती. अंगणातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

महादू मान खाली घालून उभा राहिला.

सोमा आपल्या खोलीत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. बारा वर्षांत तिला धार नव्हती. पायरीच्या दगडावर त्याने ती सगळ्यांसमोर लावली. आधी वाळवीने खाल्लेला एक उभा किंजळ पाडला. तो पुरणार नव्हता. तेव्हा प्रार्थनामंदिराच्या मागचा ऐन, त्याने लावलेलं पहिलं झाड, त्याने अकरा-बारा घावांत खाली आणला. पंच ओरडत होते, "सोमा, थांब." तो थांबला नाही. तुकडे करून झाल्यावर वाकून उचलायला गेला, तेव्हा महादू पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"तोडलंस तेवढं बास. तू उचलू नको."

वाडीच्या लोकांनी लाकडं नेली. सोमा पऱ्याच्या अलीकडे उभा राहून बघत होता. हिरवं लाकूड नीट जळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चिता पेट घेईना. घासलेट ओतावं लागलं. पांढरा, ओला धूर खोऱ्यात साचून राहिला आणि रात्र पडली तरी धुमसणं थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार. आशीर्वादाआधी पंचांनी एक कागद वाचला. मिशनच्या जागेतलं उभं झाड परवानगीवाचून तोडल्याबद्दल सोमा हिलम याला राखणीच्या कामावरून कमी करण्यात आलं आहे, आणि सहा महिने त्याला प्रभुभोजनात भाग घेता येणार नाही. आवडीचं नाव कागदात नव्हतं. सोमा बाकावरून उठला आणि म्हणाला, "त्या खोबण्या..." पाळकसाहेबांनी पेटीवाल्याकडे बघितलं. पेटी सुरू झाली, लोक उभे राहिले, गीत मोठ्याने म्हटलं गेलं. सोमा ओठ हलवत राहिला, पण शेजारच्यालाही काही ऐकू गेलं नाही.

तिथून तो सरळ चौकीवर गेला. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, "कागद बंद झाला, बाबा. पाद्रीसाहेबांची सही आहे त्यावर. दुःखात माणूस काहीही बोलतो. घरी जा." घरी म्हणजे कुठे, हे सोमाला कळलं नाही. मिशनची खोली रिकामी करायची होती. वाडीत त्याला कोणी उंबरा चढू देत नव्हतं.

तो कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर गेला. खडी फोडायची, दुपारी झाडाखाली बसायचं, रात्री टोळीच्या पालात पडायचं. टोळीतले लोक सांगत की हा बोलत नाही, पण कामाला कधी नाही म्हणत नाही. दरडीतून झुडूप काढायला सांगितलं की तेवढं मात्र दुसऱ्याला करू दे म्हणे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक एसटी घाटात तापून थांबली. उतारूंत ललिताबाई होत्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि पदर सावरत खडीच्या ढिगापाशी आल्या.

"सोमा, बनुबाईचा हात मी बांधला होता," त्या म्हणाल्या. "तिच्याआधी आणखी चौघींचे घाव. सगळ्यांच्या नावापुढे मी 'पडल्यामुळे' असंच लिहिलं. एकदा जरी खरं लिहिलं असतं..."

सोमा हातोडी मांडीवर ठेवून ऐकत होता.

"तुमी लिवलं असतंत तर मी थांबलो असतो का, ते मला नाय ठाऊक, बाई," तो म्हणाला. "मला तेव्हा झाडं माणसापरीस बरी दिसायची."

ललिताबाई रडू लागल्या. त्यांना द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की नवा राखणदार ठेवला आहे, तरुण आहे, मंडळीने त्याला कुत्रा घेऊन दिला आहे. झरा यंदा वैशाखातही वाहतो आहे. बायका आता कातळाकडे येतच नाहीत.

कंडक्टरने घंटी मारली. ललिताबाई गाडीत जाऊन बसल्या. सोमाने पुढचा दगड ओढला. पावसाळ्यात ती टोळी खेडच्या बाजूला उतरली, आणि त्यानंतर तो कुठे गेला, हे तामणखोलात कोणी कोणाला विचारलं नाही.